डोयाची गाडी

६ जानेवारी २०२५, अमरावती

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. डोळ्यांच्या दवाखान्याच्या कामात मला फक्त आकडे लिहायला मिळतात आणि माझं आकड्यांवर भागत नाही. आमच्या डॉक्टर माधवी मॅडम म्हणाल्या, "माया, तुला प्रश्न फार पडतात. ते रक्ताच्या नमुन्यांबरोबर पाठवू नकोस, घरी ठेव." म्हणून घरी ठेवते आहे.

प्रश्न तसा एकच आहे, पण पिच्छा सोडत नाही. एका आईच्या पोटचे दोघे, दोघांनाही शुगर. एकाच घरात वाढले, एकाच चुलीवरची भाकर खाल्ली. एकाच्या डोळ्याच्या पडद्यातून पाच-सहा वर्षांत रक्त झिरपायला लागतं. दुसरा वीस वर्षं शुगर अंगावर वागवतो आणि त्याचा पडदा कोरा करकरीत. काहून? साखर कमीजास्त असेल, बीपी असेल, हे खरंच. पण तेवढ्याने कोडं सुटत नाही, असं मॅडमचं म्हणणं. उरलेलं काहीतरी आईबापांकडून रक्तातून आलेलं असावं. ते काय, हे शोधायला आम्ही अशा भावंडांच्या जोड्या हुडकतो, एक बिघडलेला आणि एक शाबूत. गावोगाव जायचं, पडद्याचा फोटो काढायचा, रक्त घ्यायचं. ज्याचा डोळा बिघडलेला निघेल त्याला उपचाराला इथे आणायचं. मॅडमच्या मते हे शेवटचं काम सगळ्यात आधीचं आहे.

आज गाडी मिळाली. जीपच्या दोन्ही दारांवर परातीएवढा डोळा रंगवला आहे, पापण्यांसकट. आमचा ड्रायव्हर गजेंद्र म्हणाला, "म्याडम, हे गाडी आपल्याकडेच पाहून राहिली असं वाटते." मला तर फार आवडली. लांबून कळतं कोण आलंय ते.

अकोल्याहून आईचा फोन. "ही नोकरी किती दिवसांची आहे म्हणून सांगू? स्थळवाले विचारतात." लग्नाचा विषय निघाला की माझे कान आपोआप बंद होतात. हेही रक्तातूनच आलं असावं, पण कोणाकडून ते कळत नाही, कारण घरात बाकी सगळे लग्नाचे भारी शौकीन.


१५ जानेवारी

काल संक्रांत झाली, त्यामुळे शुगरवाल्यांच्या दारोदार फिरून मी स्वतःच तिळगुळाने भरले.

चांदूर बाजारचे नत्थुजी खेरडे. साठीचे, संत्र्याची बाग, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी आधीच फोन करून बजावलं होतं, "गाडी घरापुढं नको आनू बाई. यष्टी स्टॅन्डवर राहू दे. मी बागेत भेटतो." मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ. बॅटरीवरचा कॅमेरा खांद्यावर घेऊन बागेपर्यंत तंगडतोड केली आणि संत्र्याच्या झाडाखाली फोटो काढला.

डावा डोळा कामातून गेलेला. आत रक्तस्राव झाला, उशिरा आले, काही उपयोग झाला नाही. उजव्यातही नाजूक नव्या शिरा फुटायला लागल्यात. त्या फुटल्या की तोही जाणार. मोठ्या भावाला त्यांच्याआधीपासून शुगर आहे आणि त्याचे दोन्ही डोळे ठणठणीत. म्हणजे जोडी पक्की. मनातून मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. माणूस समोर अर्धा आंधळा बसलेला आणि मला उड्या सुचतात, हे काही बरं नाही.

"गाडी लांब काहून ठेवायला लावली?" मी विचारलं.

"माह्या पोट्ट्याचं जमून राहिलं. पाव्हन्याले डोयाचं कळलं तं म्हनतीन, बापाले हाये तं पोराले बी होईन."

"मग या डोळ्याचं काय सांगितलं त्यांना?"

"संत्र्याचा काटा लागला म्हनलं. काट्याले खानदान नसते."

मला हसू आलं आणि आवडलंही. मग ते मुलाबद्दल सांगत बसले. ललित नाव, वीज मंडळात लागलाय, पाहुणे अकोल्याकडचे, मुलगी शिकलेली, मुलीचा मामा अमुक गावचा. मी हो-हो करत कॅमेरा पुसत होते.


२२ जानेवारी

पातूरला दुर्गाबाई गावंडे. मागच्या शुगर शिबिरात तिचं नाव आलं होतं. आज गाडी थेट दारात नेली, तंगडतोड नको म्हणून. अर्धा मोहल्ला गोळा झाला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाले काय झालं?" गजेंद्रने खिडकीतून खणखणीत आवाजात सांगितलं, "दुर्गाबाईचे डोये तपासाचे हायेत." पोरं गाडीवरच्या डोळ्यात बोटं घालून पाहत होती. लोकांना आपल्या कामाबद्दल इतकं कुतूहल आहे हे पाहून बरं वाटलं. जनजागृती यालाच म्हणतात.

दुर्गाबाई अठ्ठेचाळीस-पन्नासची, मोठ्याने हसणारी. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "माय वो, डाक्टरीन तं पोट्टीच हाये." मी डॉक्टर नाही हे तीनदा सांगितलं, उपयोग नाही. नवरा शेषराव ओसरीत बसून होते, ते बोलत नाहीत, मान हलवतात. मुलगी भावना शाळेत शिकवते.

शुगर सहाच वर्षांची, पण पडद्याचे फोटो मी दोनदा पाहिले. दोन्हीकडे रक्ताचे ठिपके, डाव्यात अगदी मध्याजवळ सूज. "काय दिसतं तुम्हाला?" म्हटलं. म्हणाली, "दिसते ना. फक्त मधामधात काये धागे लोंबतेत. मले वाटलं, घरातले जायेच हायेत, म्हून दोनदा झाडू मारला."

फोटो मोबाईलवरून मॅडमना पाठवले. त्यांचा लगेच निरोप: लेझर आणि इंजेक्शन, महिन्याच्या आत, वेळ घालवू नका. मी तिला नीट समजावून सांगितलं. ती चहा करता करता भावनाचं कुठे जमत आलंय, जमलं तर मे महिन्यात लग्न, ते सांगत होती. मुलगा वीज मंडळात, घरी संत्र्याची बाग, सासू नाही, म्हणजे पोरगी गेल्या गेल्या मालकीण. मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत "वा, छान" म्हणत होते. मला एवढंच हवं होतं की तिला सख्खं भावंड आहे का, आणि त्याला शुगर आहे का.

आहे. मोठी बहीण पार्बताबाई, मूर्तिजापूरला. शुगर भावनाच्या जन्माच्याही आधीपासून.


२५ जानेवारी

मिळाली जोडी, आणि काय जोडी मिळाली.

पार्बताबाईचा पडदा पाहून मी गजेंद्रला बोलावून दाखवला, त्याला त्यातलं काही कळत नाही तरी. एक ठिपका नाही. बाई चहात दोन चमचे साखर घालते आणि गोळी आठवली तर घेते. मी म्हटलं, तुमचे डोळे उत्तम आहेत. तर म्हणाली, "म्हनजे माहं रक्त बापावर गेलं. दुर्गीचं मायवर. माय बी शेवटी चाचपडतच गेली."

आईबद्दल ती अगदी सहज सांगत होती. तिच्या आईला शुगर होती की नाही कोणी तपासलंच नव्हतं. म्हातारपणाने दिसत नाही म्हणाले आणि खाटेवर बसवलं.

"मंग आता मले तपासाचं काम नाही ना?" पार्बताबाईने विचारलं. मी म्हटलं, आहे, दरसाल आहे. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

गाडीत बसून मी मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. सगळं रक्तातच आहे, साखरेचं काही खरं नाही, असंही म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "एका जोडीवरून विज्ञान होत नसतं. घरी जा आणि जेव."


६ फेब्रुवारी

दुर्गाबाई आली नाही. मागचा गुरुवार गेला, आजचा गेला. गुरुवार हा आमचा इंजेक्शनचा दिवस. फोन केला तर शेषरावांनी उचलला. माणसाचं पहिलं अख्खं वाक्य ऐकलं: "लगन होऊ द्या बाई, मंग पाहू."

मी म्हटलं, लग्न मे महिन्यात, तोवर डोळा थांबणार नाही. त्यांनी बहुतेक मान हलवली, कारण पुढे काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने भावनाचा फोन, शाळेतून. "ताई, रागावू नका, पन तुमची गाडी दारात उभी राहिली तवापासून आमच्या घरी बसलेला प्रत्येक मानूस एकच विचारून राहिला. मध्यस्थानं बी विचारलं, त्यांच्याकडे डोयाची गाडी आलती म्हनते, खानदानी बिमारी हाये का? बाबांनी सांगतलं, मोतीबिंदूचं शिबिर होतं. आता आई दवाखान्यात गेली तं खोटं उघडं पडन."

"अकोल्याला तरी न्या."

"अकोल्यात पावलापावलावर आमचे सोयरे हायेत."

फोन ठेवल्यावर मी गावाला, मध्यस्थाला, शेषरावांना मनातल्या मनात मनसोक्त शिव्या दिल्या. लोकांना अक्कल नाही, बाईचे डोळे जाताहेत आणि हे लग्नाच्या गोष्टी करतात. शिव्या संपल्यावर एकदम नत्थुजींची आठवण झाली. ते गाडी स्टॅन्डवर ठेवायला सांगत होते आणि मी त्याला खूळ म्हटलं होतं. दारात गाडी मीच नेली. मोठ्याने नाव सांगणाऱ्या गजेंद्रला थांबवायचं सोडून मी जनजागृती म्हणून खूश झाले.


८ फेब्रुवारी

मॅडमना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "घरातली गोष्ट बाहेर सांगणार नाही अशी सही आपण प्रत्येक ठिकाणी करतो, आणि दारावर एवढा डोळा रंगवून फिरतो. चूक तुझ्या एकटीची नाही. हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं."

गजेंद्रने दोन्ही दारांना खताच्या पोत्याचे तुकडे चिकटवले. आता गाडी डोळ्याला पट्टी बांधून निघाल्यासारखी दिसते. रंगारी सोमवारी येईल.

मग मी विचारलं, लोक म्हणतात ते अगदीच खोटं आहे का? बापाला असेल तर मुलाला होईल, हेच तर आपण शोधतोय. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "इलेक्शन समज. एकेक जीन म्हणजे एकेक मत. अशी कितीतरी मतं पडतात, काही या बाजूला, काही त्या. एकट्या मताने कोणी निवडून येत नाही. आणि साखर, बीपी, आजार किती वर्षांचा, हे तिघे पेटीत गठ्ठ्याने मतं टाकतात. पातूरच्या बाईची काही मतं विरोधात पडली असतील, म्हणून ती पडलीच असं नाही. वेळेवर लेझर झालं तर ती जिंकते. गावाला हे दुसरं वाक्य कोणी सांगत नाही."

"आपण तरी कुठे सांगतो?" मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, खरं आहे.


२५ फेब्रुवारी

नत्थुजींना उपचाराला या म्हणून तिसरा फोन. उजव्या डोळ्यापुढे आता धूर दिसतो म्हणाले. धूर हा शब्द ऐकून मी खुर्चीवरून उठले.

"उद्या या."

"साक्षगंध होऊ दे बाई. मार्चच्या सुरुवातीले हाये. मंग मी मोकया."

"तोवर डोळा गेला म्हणजे?"

"पोराचं मोडलं तं तो मोठा गेला म्हना."

तिकडे लग्न, इकडे साखरपुडा. वऱ्हाडात पडदा खराब होण्याचं मुख्य कारण लग्न, असं अहवालात लिहावंसं वाटतं. एक बाई पातूरला लपून बसलीय, एक माणूस चांदूर बाजारला, आणि दोघंही ज्यांच्यापासून लपतात ते लोक कोण कुठले, मला काय ठाऊक.

आईने माझा बायोडेटा नव्याने करून पाठवला. "संशोधन क्षेत्रात कार्यरत" असं लिहिलंय. खाली एक ओळ: "आई-वडील दोघेही निर्व्यसनी, निरोगी." बाबांना चार वर्षांपासून शुगर आहे. फोन करून विचारलं तर म्हणाली, "गोळीनं ताब्यात हाये. मंग निरोगीच ना." माझ्याच घरात हे, आणि मी पातूरला अक्कल शिकवत होते.


११ मार्च

भावनाचा फोन आला.

रविवारी पातूरला साक्षगंध झालं. थाटात झालं. दुर्गाबाई होणाऱ्या जावयाला कुंकू लावायला उठली आणि बोट कपाळावर न टेकता भुवईवर टेकलं. पुन्हा लावायला गेली तर कानाजवळ गेलं. बायका हसल्या. मुलाने ते पुसलं नाही, तसाच बसून राहिला. भावनाने ते पाहिलं आणि तिथेच ठरवलं की आता आईला न्यायचंच.

"घरी काय सांगाल?"

"बस्ता घ्यायला अमरावतीले जातो म्हनून. लग्नाचे कपडे सारेच तिथून घेतेत, कोनाले संशय येनार नाही. बाबा बी तयार झाले. फक्त सासरी कळू देऊ नका ताई. सासरे स्वभावानं चांगले वाटते, पन त्यांच्या घरात हे काही नाही. त्यांचा एक डोया गेला हाये, पन तो संत्र्याचा काटा लागून."

वीज मंडळ, बाग, सासू नाही, अकोल्याकडचे पाहुणे. दोन्ही घरांत बसून मी हे सगळं ऐकलं होतं, आणि कान बंद करून ऐकलं होतं.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते बोलले असते तर दोन्ही घरं तिथल्या तिथे सुटली असती. दोघंही एकमेकांना भिऊन आपापले डोळे घालवताहेत. मी "हो, हो, गुरुवारी या" एवढंच म्हणाले आणि मॅडमकडे पळत गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "ते वाक्य तुझं नाही, माया. नत्थुजींचं आहे. त्यांनी सांगायचं की नाही ते ते ठरवतील."

नियम मला मान्य आहे. पण एक गोष्ट अशी आहे की ती कोणाला सांगताही येत नाही. मी गाडीत, जेवताना, अंघोळीला, एकच विचार करते आहे: भावना आणि ललितला मुलं झाली तर त्यांच्यात दोन्हीकडची मतं येतील. किती? कोणती? मला कळून घ्यायचंय. आणि कळून घ्यायचंय म्हणून लाजही वाटते.

नत्थुजींचाही फोन आला. साक्षगंध झालं, आता येतो, घरी मंडीचं काम सांगतो. गुरुवारी. दोघेही एकाच गुरुवारी, आणि त्यात बदल करायला मॅडम तयार नाहीत, कारण दोघांनाही आणखी आठवडा थांबवणं त्यांना मंजूर नाही. मी नत्थुजींना सकाळी दहाची वेळ दिली आणि दुर्गाबाईला दुपारी दोनची.


१३ मार्च

नत्थुजी साडेअकराला आले, कारण बस पंक्चर झाली. दुर्गाबाई अकराला आली, कारण तिला वाटलं लवकर गेलं की लवकर सुटू. एसटीपुढे माझी हुशारी किती चालणार.

मी दुर्गाबाईला आतल्या खोलीत बसवायला धावले तर तिथे रंगकाम. तोवर सिस्टरने दोघांच्याही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकून दोघांना एकाच बाकावर आणून बसवलं होतं. थेंब टाकले की तीन-चार तास जवळचं सगळं पुसट दिसतं आणि उजेड डोळ्यांत घुसतो. दोघेही डोळे अर्धे मिटून भिंतीला टेकून बसले. साक्षगंधाला दोघे एकाच मांडवात होते, पण ती बायकांत आणि ते पुरुषांत, मध्ये बँड. आवाज ओळखीचा असायचं कारण नव्हतं. भावना औषधाच्या दुकानात रांगेत होती. ललित ड्युटी करून संध्याकाळी वडिलांना न्यायला येणार होता. मी बाकामागे उभी राहिले.

"किती वेय लागते वो?" दुर्गाबाईने विचारलं.

"लागते बाई. थेंब टाकले का मानूस असाच बसून राहते."

"कोन गावचे?"

"इकडचाच. बागाईतदार. तुमी?"

"अकोल्याकडची. बस्ता घ्याले आलो."

"डोयात बस्ता घेता काय?" नत्थुजी म्हणाले, आणि ती हसली. मग म्हणाली, पोरीचं लगन आहे. ते म्हणाले, माह्या पोराचं बी हाये. दोघांनी मांडवाचे, वाजंत्रीचे भाव काढले. दोघांनाही महाग वाटले. मी देवाधर्माची नाही, तरी त्या वेळी मनात म्हटलं, सिस्टर, कोणाचं तरी नाव पुकारा. आणि पुकारू नका, असंही म्हटलं.

"तुमाले कवापासून त्रास हाये?" तिने विचारलं.

"लय झालं. एक सांगतो बाई, तुमी उशीर नका करू. मी केला. काये धागे लोंबाले लागले तवा पोराले पोरी पाहून राहिलो होतो. म्हनलं, दवाखान्यात गेलो तं गवगवा होईन. थांबलो. एक दिवस सकायी उठलो तं डावा डोया काया. लोकाले मंग सांगतलं का संत्र्याचा काटा लागला."

दुर्गाबाईचा हात पदराशी चाळा करत होता, तो थांबला.

तिला कळलंय हे मला कळलं, त्यांना नाही. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. तिचं गुपित तिच्यापाशी राहिलं असतं आणि त्यांचंही तिच्या मुठीत आलं असतं. उठून शेषरावांना फोन करून सोयरीक मोडताही आली असती.

"इवाई," ती म्हणाली, "मी पातूरची दुर्गा. भावनाची माय."

नत्थुजींनी आधी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला, विहिणीसमोर करतात तसा, जरी ती त्यांना दिसत नव्हती. मग म्हणाले, "इहीनबाई, मी तुमाले काट्याचं खोटं सांगतलं."

"आमी मोतीबिंदूचं."

"मंग आता?"

"आता काय. त्या दिवशी कुंकू तुमच्या पोराच्या भुवईले लागलं ते असं लागलं."

"मले लोकायनं सांगतलं. मले काही दिसलं नाही."

दोघे असे हसायला लागले की सिस्टर बाहेर येऊन दटावून गेली. हसता हसता दुर्गाबाई रडली. पदराने डोळे पुसायला गेली तर नत्थुजी म्हणाले, पुसू नका, थेंब जातीन. मग ती हळूच म्हणाली, "डोयात सुई टोचतेत म्हने. मले लय भेव वाटून राहिलं."

"डाव्यात झालती माह्या. दुखत नाही. भेवच जास्त. थांबा, मी आधी जातो अन् तुमाले पाहून सांगतो."

सिस्टरने नाव पुकारलं तेव्हा ते उठले, भिंतीला हात लावत आत गेले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी खरोखरच तिला सांगितलं की मुंगी चावल्याएवढं आहे. मग ती गेली.

भावना औषधं घेऊन परत आली आणि बाकावर सासऱ्यांना पाहून दारातच थबकली. तिला मी काही सांगितलं नाही. नत्थुजींनीच आवाज दिला, "ये माय, बस. आमचं सारं बोलून झालं." संध्याकाळी ललित आला. चौघे मिळून खरंच बस्ता घ्यायला गेले, कारण गावी काहीतरी न्यायलाच हवं होतं.


१७ एप्रिल

आज दोघांची दुसरी फेरी.

नत्थुजींचा उजवा डोळा थांबला. नव्या शिरा वाळल्या, धूर गेला. दुर्गाबाईचा उजवाही चांगला आहे. डाव्याच्या मध्यभागी मात्र डाग राहिलाय, तो भरून येणार नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जानेवारीत आली असती तर तोही वाचला असता. सांगायलाच हवं होतं म्हणून सांगितलं. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. दाराशी गाडी नेऊन वाचवलेली ती चार पावलं मला कायम दिसत राहणार आहेत.

बाहेर आले तर भावना आणि ललित माझीच वाट पाहत होते. दुर्गाबाई मागे स्टुलावर, डाव्या डोळ्यावर पट्टी. आज तिच्या रक्ताची दुसरी नळी घ्यायची होती, उपचारानंतरची.

भावनाने सरळ विचारलं. "ताई, आईकडून बी अन् यांच्या बाबांकडून बी. आमच्या लेकरांले दोन्हीकडून येईन का?"

हाच प्रश्न मी महिनाभर उशाशी घेऊन झोपते आहे. मला वाटलं होतं, कोणी विचारलं तर मी मतांचं, पेटीचं, सगळं छान समजावून सांगेन. तोंड उघडलं आणि एवढंच निघालं: "माहीत नाही. आधी शुगर होते का नाही तेच माहीत नाही. झाली तर डोळ्यांवर येते का नाही, तेही माहीत नाही. शुगर आवाक्यात ठेवली आणि दरसाल पडदा दाखवला तर डोळे सहसा वाचतात, एवढं नक्की माहीत आहे."

ललितचा चेहरा पडला. तो रागावला नव्हता, पण म्हणाला, "दोन्ही घरचं रक्त नेलं तुमी ताई. त्याच्यातून काहीच नाही समजलं?"

मागून दुर्गाबाई म्हणाली, "तिले माहीत असतं जावईबुवा, तं ते आपल्या दारात कायले आली असती? विचाराले आलती ते. माह्या मायले कोनी विचारलंच नाही."

मग तिने पोलक्याची बाही वर सारली, हात माझ्यापुढे धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण सुई पाहिली की तिला अजून भीती वाटते.

"घे," ती म्हणाली.